चक्कीवाले भाऊजी

कुहीतला कॉम्प्युटर बिघडला तर तो नागपूरला नेता येतो. अंतर फार नाही, चाळीसेक किलोमीटर. एसटी आहे, सीताबर्डीला दुकानं आहेत, दुकानांत हुशार पोरं आहेत. पण ती पोरं म्हणतात, "ठेवून जा काका, फोन करतो," आणि मग फोन आपणच करत बसतो. भाऊजींचं तसं नाही. भाऊजी येतात. निरोप पोचायच्या आत येतात. कधी कधी तर बिघाड व्हायच्या आधीच येतात, आणि मग तो होतो.

भाऊजी म्हणजे कोणाचे भाऊजी, असं कुहीत कोणी विचारत नाही. आमच्या गल्लीतली मुलगी त्यांना दिली तेव्हा ते गल्लीचे जावई झाले. पुढं त्यांनी इथंच पिठाची चक्की टाकली आणि गावाचे झाले. जावई सासुरवाडीत राहायला आला की त्याचा मान उतरतो म्हणतात. भाऊजींचा उतरला नाही, कारण गहू सगळ्यांनाच दळून पाहिजे असतो. जावयाला उलट बोलता येत नाही आणि चक्कीवाल्याला बोलणं परवडत नाही. एवढं संरक्षण असल्यावर माणूस कोणाच्याही घरातली कोणतीही वस्तू खोलू शकतो.

दिवसभर चक्कीच्या पट्ट्याजवळ वावरून त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि उजव्या कानानं दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. बोलतात ते मागं चक्की चालू आहे असं धरूनच. त्यांनी एखादी गोष्ट "कोनाले सांगू नोको" म्हणून सांगितली की ती बसस्टँडवर कळते. अशा माणसाला आवाज गेल्याची तक्रार सांगायची! पण त्यांची स्वतःची पद्धत आहे. ते स्पीकरला कान लावत नाहीत, तळहात लावतात. पडदा थरथरला की "आहे". नाही थरथरला की "नाई". चक्कीचे दगड बरोबर बसलेत की नाही हेही ते असंच हातानं ओळखतात, आणि तिथं मात्र कधी चुकत नाहीत. त्यांच्यासारखं दळण कोणाचं नाही, हे त्यांचे दुष्मनसुद्धा कबूल करतात. दुष्मन म्हणजे मांढळचा एक मोबाइलवाला. बाकी कोणी नाही.

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, भाऊजी पेचकस ठेवतात. लग्नाला जातानाही. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माईक थोडा खरखरला, तर डाव्या मुठीत अक्षता तशाच धरून भाऊजी अॅम्प्लिफायरच्या मागं गेले. उरलेली मंगलाष्टकं वऱ्हाड्यांनी भटजींच्या उघड्या गळ्यातून ऐकली. पहिल्या दोन रांगांनी ऐकली, बाकीच्यांनी अंदाजानं अक्षता टाकल्या.

त्यांना सहन होत नाही ती एकच गोष्ट: चालू वस्तू. बिघडलेल्या वस्तूबद्दल त्यांना माया आहे, पण ती शांत, वडीलधारी माया. चालू वस्तू दिसली की बोटं शिवशिवतात. "चालू आहे ना? मंग थोडी अजून मस्त करून टाकू." या वाक्यानं आमच्या गल्लीतले कूलर, मिक्सर, इन्व्हर्टर आणि एक देवघरातलं आरती वाजवणारं यंत्र गेलं. यंत्र परत आलं, पण आता ते आरती मधूनच सुरू करतं.

आणि भाऊजी पैसे घेत नाहीत. चहा घेतात, आलूबोंडा घेतात, आणि जाताना घरातला काढून टाकलेला जुना पार्ट घेतात. चक्कीच्या मागं त्यांची एक गोणी आहे. पूर्वी तिच्यात गहू असायचा. आता रॅम, फॅन, डीव्हीडी ड्राइव्ह, अर्धे कीबोर्ड आणि कोणत्याही भोकात न जाणाऱ्या वायरी. या घरचा काढलेला पार्ट त्या घरी बसतो, त्या घरचा पाचखेडीला जातो. कोणाच्या कॉम्प्युटरमध्ये कोणाचा फॅन फिरतो आहे हे फक्त भाऊजींना ठाऊक. एका घरच्या हार्डडिस्कमधून दुसऱ्याच घरच्या साखरपुड्याचे फोटो निघाल्याचं मी ऐकलं आहे, पण ते मांढळच्या मोबाइलवाल्यानं सांगितलं, म्हणून सोडून देतो.

त्या रविवारी भाऊजी आबाजींकडं दळणाचा डबा पोचवायला आले होते. आबाजी आमचे शेजारी. छोट्या लाईनीवर रेल्वेत होते. इतवारीहून कुही, उमरेडवरून नागभीडला जाणारी अडीच फुटांची गाडी. तिच्यावर त्यांचं आयुष्य गेलं. घरात आबाजी, मुलगा, सून आणि बारावीतला नातू. कॉम्प्युटर सगळ्यांचा मिळून एक, पुढच्या खोलीत, टेबलावर कव्हर घालून. सकाळी त्यावर नातू अभ्यास करतो असं त्याची आई समजते, दुपारी ती स्वतः भरतकामाचे व्हिडिओ बघते, संध्याकाळी आबाजी प्रवचन ऐकतात. प्रवचनकार महाराज अंभोऱ्याबद्दल बोलले की आबाजी आवाज वाढवतात. अंभोरा आमच्याच तालुक्यात, पाच नद्यांच्या संगमावर. मराठीचा आद्यग्रंथ विवेकसिंधू मुकुंदराजांनी तिथंच लिहिला असं आम्ही मानतो. अंबाजोगाईकर तसं मानत नाहीत. तेव्हा आवाज वाढवणं भाग असतं.

तर भाऊजींनी डबा ठेवला आणि बघितलं: नातू गेम खेळतो आहे, चित्र मधून मधून अडखळतं आहे. आवाज उत्तम. वस्तू चालू.

"काहून बे, अटकून रायला ना?"

"हाव मामाजी, थोडासा."

"माह्याकडं कार्ड पडून आहे. टाकून देऊ?"

नातवाच्या आईनं आतून "नोको" म्हटलं की "हो", हे कोणाला नीट कळलं नाही, कारण भाऊजी तोवर चक्कीवर पोचले होते. गोणीतून एक जुनं ग्राफिक्स कार्ड निघालं. मदरबोर्डवर ते बसलं. मॉनिटरची जुनी, निळ्या तोंडाची वायर काढून त्यांनी नवी काळी वायर लावली. चित्र असं लख्ख झालं की आबाजींनी चष्मा काढून बघितलं. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. भाऊजी आलूबोंडा खाऊन गेले.

त्या घरातला आवाज गेल्याचं सगळ्यांत आधी मला कळलं. आमची भिंत एक आहे. संध्याकाळी सहाला भिंतीपलीकडून प्रवचन सुरू झालं नाही आणि आमच्या घरात एकमेकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. आम्हाला ते विचित्र वाटलं. जाऊन बघतो तर महाराज पडद्यावर हातवारे करत होते, ओठ हलत होते, आणि आबाजी हात जोडून बसले होते. त्यांना वाटलं, महाराजांनी मौन धरलं.

निरोप गेला. भाऊजी चक्की बंद करून आले, भुवयांवर पीठ तसंच. दारातून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "कवा गेला?"

या प्रश्नाचं उत्तर पूर्वी सोपं होतं. कॉम्प्युटर चालू केला की तो गायचा. विंडोज 95 ची ती सहा सेकंदांची धून ब्रायन ईनो नावाच्या मोठ्या इंग्रज संगीतकाराकडून करून घेतली होती. घरात कॉम्प्युटर लागला हे स्वयंपाकघरात कळायचं. विंडोज 8 आणि 10 मध्ये कंपनीनं सुरुवातीची धून बंदच ठेवली. आबाजींचा कॉम्प्युटर विंडोज 10 चा. तो उठतो गुपचूप, झोपतो गुपचूप. आवाज नेमका कधी गेला याला साक्षीदार नव्हता.

"कोनं हात लावला?"

कोणी काही बोललं नाही. सुनेनं नातवाकडं बघितलं, नातवानं कॉम्प्युटरच्या डब्याकडं बघितलं. डब्याच्या पोटात रविवारी बसलेलं कार्ड होतं आणि कार्ड कोणी बसवलं हे सगळ्यांना माहीत होतं. पण जावयाच्या तोंडावर तसं म्हणायची पद्धत नाही. एकटे आबाजी बोलले, तेही छताकडं बघत.

"आमची लाईन अशीच गेली, जवाईबापू. म्हने ब्रॉड गेज करतो. 2019 च्या नोव्हेंबरात गाडी बंद केली, रूळ उखडले. रूळ रुंद होतीन तवा होतीन, पन शिट्टी पयले गेली. सामान बदललं का आवाज जाते."

भाऊजींनी मान डोलावली. आबाजी रेल्वेबद्दल बोलत आहेत असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं.

मग तपासणी सुरू झाली. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर त्यांनी बाण नेला. त्यावर फुली नव्हती. आवाज शंभरावर होता. सेटिंगमध्ये हिरवी पट्टी महाराजांच्या ओठांबरोबर वरखाली होत होती. "पाहा, आवाज निंगून रायला. फक्त ऐकू नाई येऊन रायला," भाऊजी म्हणाले. हे त्या संध्याकाळी त्यांनी म्हटलेलं सगळ्यांत खरं वाक्य होतं. ते त्याच्याजवळ थांबले असते तर लवकर घरी गेले असते.

पण ते कॉम्प्युटरच्या मागं गेले. तिथं तीन भोकं: हिरवं, गुलाबी, निळं. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं 'पीसी 99' नावाची नियमावली काढून हे रंग ठरवून दिले. स्पीकर हिरव्यात, माईक गुलाबीत, बाहेरून येणारा आवाज निळ्यात. त्याआधी सगळी भोकं एकसारखी असायची आणि माणसं अंदाजानं खुपसायची. भाऊजी अजून त्याच काळातले. त्यांनी पिन हिरव्यातून काढून गुलाबीत घातली, निळ्यात घातली, पुढच्या बाजूच्या भोकात घातली आणि प्रत्येक वेळी स्पीकरवर तळहात ठेवून डोळे मिटले. "नाई."

"मंग खेकडा मेला असन," ते म्हणाले.

आबाजींनी पाय वर घेतले. "कॉम्प्युटरमंदी खेकडा?"

खेकडा म्हणजे मदरबोर्डवरची रिअलटेकची चिप. तैवानची ही कंपनी आपल्या चिपवर खेकड्याचं चित्र छापते. आवाजासाठी पूर्वी वेगळं कार्ड लागायचं. अगदी सुरुवातीच्या, 1981 च्या आयबीएम पीसीला तर फक्त टीं टीं करणारा बारका स्पीकर होता. 1989 मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं आणि कॉम्प्युटरला गळा फुटला; ज्याच्या घरी ते कार्ड त्याच्या घरी पोरांची गर्दी. मग 1997 मध्ये इंटेलनं एसी 97 नावाचा नमुना काढला, आवाजाचं काम एका स्वस्त चिपवर आणून मदरबोर्डवर चिकटवलं, आणि साउंड कार्ड नावाची वस्तू घराघरातून गेली. भाऊजींच्या गोणीत अजून एक आहे. ते कुठंच बसत नाही. ते त्यांनी भावनेपोटी ठेवलं आहे.

खेकडा जिवंत आहे का हे बघायला त्यांनी डिव्हाइस मॅनेजर उघडला. पिवळी उद्गारचिन्हं शोधली. एकही नव्हतं. उलट आवाजाच्या रकान्यात दोन नावं निघाली: एक रिअलटेक, एक एनव्हिडिया.

"अरे, हे तं दोन-दोन आहेत!" भाऊजी खूश झाले. "मंग तं काही प्रश्नच नाई."

माझ्या मते रहस्यकथेत गुन्हेगार स्वतः येऊन ओळखपत्र दाखवतो तो हा क्षण. भाऊजींनी ते वाचलं, त्याचं अभिनंदन केलं आणि खिडकी बंद केली.

आता स्पीकरवर संशय आला. स्पीकर तपासायला मोबाइल लावून बघायचा. नातवाच्या मोबाइलला पिनेचं भोक नव्हतं. सुनेच्या नव्हतं. माझ्या नव्हतं. महाग फोन घ्यायचा तर ते भोक बुजवून घ्यावं लागतं, असा अलीकडं नियमच दिसतो. शेवटी आबाजींचा बटणांचा फोन निघाला. भोक होतं. भाऊजींनी पिन घातली, रेडिओचं बटण दाबलं. स्पीकरची वायर एरियल झाली आणि पुढच्या खोलीत विविध भारती इतकी खणखणीत वाजली की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला थांबला.

भाऊजींनी तळहात ठेवला. "आहे!"

आबाजींचा चेहरा फुलला. "बस, जवाईबापू. झालं. आता नोको काढू."

"आबाजी, हा रेडिओ आहे."

"तं काय झालं? वाजून रायला ना?"

त्यांना खरंच काही कमी वाटत नव्हतं. जुनी गाणी, मोठा आवाज, डेटा लागत नाही. पिन काढताना त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि भाऊजींना तो ओढून घ्यावा लागला. सासरा-जावयाच्या नात्यात मी असं दृश्य आधी पाहिलं नव्हतं.

स्पीकर चांगला, खेकडा जिवंत, पट्टी नाचते, भोकं तपासली. भाऊजींच्या शास्त्रात इथून पुढं एकच उपचार उरतो आणि तो त्यांनी जाहीर केला, "फॉर्मेट मारून टाकू."

हा शब्द आमच्या गल्लीत सगळ्या बायांना कळतो. मागं एका घरी मारलेल्या फॉर्मेटमध्ये बारशाचे सगळे फोटो गेले. त्या बाळाचं नाव काय ठेवलं एवढाच त्या बारशाचा पुरावा उरला. आबाजींची सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या डब्यात नणंदेच्या लग्नाचे फोटो होते, शेताचा सातबारा होता, नातवाच्या प्रवेशासाठी स्कॅन केलेले जातीचे नि उत्पन्नाचे दाखले होते, आणि ते दाखले मिळवायला तहसीलमध्ये किती उभं राहावं लागलं हे तिलाच ठाऊक. पण ती भांडली नाही. तिनं फक्त पाट मांडला.

"भाऊजी, पयले जेवून घ्या. पाटोडीचा रस्सा आहे."

मला या बाईंच्या बुद्धीचं फार कौतुक वाटतं. पाटोडीच्या रश्श्यासमोर फॉर्मेट मारणारा माणूस विदर्भात जन्माला यायचा आहे. भाऊजी जेवले. सावकाश जेवले. वर भात घेतला. घाम पुसला. आणि पोटात पाटोडी गेल्यावर त्यांच्यातला कॉम्प्युटरवाला झोपला आणि चक्कीवाला जागा झाला.

"वहिनी," ते हात धुताना म्हणाले, "मले समजलं. धूळ."

त्यांच्या धंद्यात सगळ्या आजारांचं मूळ धूळ असतं. मोटर गरम का झाली? धूळ. पट्टा का घसरला? धूळ. त्यांचा स्वतःचा खोकला? तो मात्र सर्दीचा. चक्कीची मोटर साफ करायचा ब्लोअर आणायला नातवाला पिटाळलं. डबा उचलून पुढच्या पडवीत आणला, पेचकसानं बाजूचा पत्रा काढला, ब्लोअर लावला.

आता एक गोष्ट भाऊजींनी लक्षात घ्यायला पाहिजे होती. आबाजींच्या घराला लागून एका व्यापाऱ्याचं शेड आहे आणि तिथं मिरचीचा सातरा चालतो. सातरा म्हणजे वाळलेल्या लाल मिरचीचे देठ मोडायचं काम. कुही, मांढळ, भिवापूर या पट्ट्यात हंगामात गावोगावच्या बाया दिवसभर ओळीनं बसून हेच करतात. ती लाल भुकटी हवेत असते, आणि कॉम्प्युटरचा फॅन, तोंड मिटता येत नसल्यामुळे, ती आत ओढत असतो. या हंगामाची, मागच्या हंगामाची, त्याच्याही आधीची. मांढळच्या जमिनीत उकरलं तर वाकाटकांचे ताम्रपट निघाले. आबाजींच्या डब्यातून निघाली ती भिवापुरी मिरची.

ब्लोअर सुरू झाला आणि पडवीत लाल ढग उठला. पहिली शिंक नातवाची. मग आबाजींची, मग माझी. सून पदर तोंडाला लावून आत पळाली तिथून तिची शिंक ऐकू आली. सातऱ्याच्या बाया काम थांबवून कुंपणावरून बघायला लागल्या. त्यांना स्वतःला काहीच होत नव्हतं, त्या फक्त हसत होत्या. भाऊजी डोळ्यांतून पाणी गाळत, ब्लोअर तसाच धरून ओरडत होते, "पाहा! पाहा किती आहे! मी म्हटलं होतं!" विजयाच्या क्षणी माणूस असा रडताना फार वेळा दिसत नाही.

ढग बसल्यावर त्यांनी पडवीतच सगळं जोडलं. काळी वायर आत टेबलामागं अडकली होती, म्हणून हाताशी पडलेली जुनी निळी वायर कार्डाला लावली. तेवढ्यापुरती. महाराजांचा व्हिडिओ सुरू केला.

महाराज बोलले. अगदी वाक्याच्या मधूनच बोलले.

आबाजींनी नमस्कार केला. नातवानं टाळी वाजवली. सातऱ्याच्या बायांनी कुंपणापलीकडून हो-हो केलं. भाऊजींनी स्पीकरवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

"मिरची," ते म्हणाले. "मिरचीनं आवाज बसला होता. मानसाचा नाई का बसत?"

डबा आत नेला. टेबलावर ठेवला. काळी वायर सोडवून परत लावली. चित्र लख्ख. महाराज परत मुके.

दुसऱ्या कोणी कपाळावर हात मारून घेतला असता. भाऊजींनी ब्लोअर घेतला. डबा पडवीत, ढग, शिंका, निळी वायर, महाराज बोलले. डबा आत, काळी वायर, महाराज गप्प. सातऱ्याच्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "जवाईबापू, त्याले आतमंदी करमत नाई का जी?"

या प्रश्नानं भाऊजी थांबले. एका हातात निळी वायर, एका हातात काळी. त्यांनी निळीकडं बघितलं, काळीकडं बघितलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चढत येताना दिसलं, आणि मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

निळ्या तोंडाची ती व्हीजीए वायर. आयबीएमनं 1987 मध्ये आणलेली पद्धत, पंधरा पिनांची. तिच्यातून फक्त चित्र जातं. काळी एचडीएमआय. ती 2002 च्या शेवटी आली आणि तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वाटेनं जातात. म्हणून त्या ग्राफिक्स कार्डावर आवाजाचाही एक विभाग असतो. रकान्यातलं दुसरं नाव त्याचंच. काळी वायर लागली की विंडोजला वाटतं, समोर टीव्ही आला, आता आवाज इकडंच द्यायचा. मागच्या हिरव्या भोकातला स्पीकर जिवंत असतो, त्याच्याकडं फक्त कोणी काही पाठवत नाही. आणि आबाजींच्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. मुक्या माणसाच्या कानात निरोप सांगून गावात दवंडी पिटण्याची वाट बघावी, असं रविवारपासून त्या घरात चाललं होतं.

इलाज एवढाच: कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करायचं, वर मॉनिटरचं नाव दिसतं, त्यावर दाबलं की यादी उघडते, यादीतून रिअलटेकचा स्पीकर निवडायचा. झालं. पेचकस लागत नाही. ब्लोअर तर नाहीच नाही.

भाऊजींना हे समजलं होतं. आणि समजल्यावर ते जे वागले त्यासाठी मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो. न येणाऱ्या गोष्टीची भाऊजींना लाज नाही. "मले नाई समजून रायलं" हे वाक्य ते न बोलता, पण मोकळेपणानं जगतात. लाज वाटली ती इलाज इतका बारका निघाल्याची. पडवीत लाल थर बसलेला, सातऱ्याचं काम थांबलेलं, अख्खं घर शिंकून थकलेलं, पाटोडी खाऊन झालेली, आणि औषध काय तर एक टिचकी? ते सगळ्यांदेखत कसं द्यायचं?

"वहिनी, चहा मांडा." सून आत गेली. "जाय बे, चक्कीवरून छोटा पाना घेऊन ये." नातू गेला. "आबाजी, तुमी जरा पडा ना, लय वेळचे बसले." आबाजी हलले नाहीत, पण त्यांचे डोळे मिरचीनं अजून मिटलेलेच होते, तेव्हा त्यांची अडचण नव्हती. माझ्याकडं भाऊजींनी नुसतं बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. चतुर्थी मंगळवारी होती.

माउसचे दोन आवाज आले. टिक, टिक.

मग भाऊजींनी कामाला सुरुवात केली. डब्याचा पत्रा परत काढला. कार्ड काढून फुंकून परत बसवलं. प्रत्येक स्क्रू पिळला, काही नसलेलेही पिळले. नातू पाना घेऊन आला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, कशाला तरी लावला, "हाव, हाच ढिला होता," म्हणाले. चहा आला तेव्हा त्यांच्या कपाळावर खरा घाम होता.

"लाव आता."

महाराज बोलले. काळी वायर लागलेली, चित्र लख्ख, आणि महाराज अंभोऱ्याच्या संगमाबद्दलच बोलत होते. आबाजींनी डोळे उघडले. सून दारात उभी राहून म्हणाली, "भाऊजी, तुमी नसते तं काय केलं असतं आमी?" ती हे मनापासून म्हणाली की नाही ते मला सांगता येणार नाही, तिचा चेहरा पाटोडी वाढतानाही असाच असतो. मांढळच्या मोबाइलवाल्यानं ही गोष्ट नंतर ऐकली आणि म्हणाला, हे काम मी फोनवर सांगून केलं असतं. केलं असतं. पण तो फोन उचलत नाही.

भाऊजींनी चहा बशीत ओतला. वस्तू चालू होती. सगळं चालू होतं. मी त्यांच्या बोटांकडं बघत होतो.

आबाजी तेवढ्यात म्हणाले, "जवाईबापू, एक इचारू? थे सकाळच्या टायमाले रेडिओची पिन बी याच स्पीकरले लागली असती तं? मले बी होते, पोट्ट्याले बी होते. घडीघडी काढा-घाला नोको."

"त्यात काय आहे आबाजी!" बशी खाली आली. "दोन तोंडाची पिन येते. माह्या गोनीत आहे. फक्त मांगून थोडं खोला लागन."

"भाऊजी," सून म्हणाली. तिनं टेबलावरचा पेचकस उचलून पदराआड केला होता. "दळन घेऊन मीच येतो उद्या चक्कीवर. तुमी नोका येऊ."